उसवणी आधी, कात्री नंतर: लग्नातल्या जुन्या ब्लेझरचं डिकन्स्ट्रक्शन

डिकन्स्ट्रक्टेड जॅकेट, म्हणजे उसवून आतलं काम बाहेर दाखवणारं जॅकेट, करायचंय म्हटलं की पोरं-पोरी सगळ्यात आधी कात्री काढतात, कॉलर उडवतात, बाही अर्धी कापतात, दोनचार ठिकाणी ब्लेड मारतात आणि मग विचारतात की ताई हे इन्स्टावर दिसतं तसं का दिसत नाहीये, उंदराने कुरतडल्यासारखं का दिसतंय. दिसणारच ना. ज्यांनी हा प्रकार पॅरिसमध्ये नेला त्यांनी कपडा फाडला नव्हता, उसवला होता, आणि तो शिवायचा कसा हे त्यांना नीट माहीत होतं.

जपानी डिझाइनर रेई कावाकुबोचं १९८२ चं भोकाभोकांचं काळं स्वेटर घ्या. ती भोकं कात्रीची नाहीत, विणायच्या मशीनचे स्क्रू ढिले करून विणतानाच टाके सुटू दिलेत. बेल्जियन डिझाइनर मार्टिन मार्जिएलाने नव्वदीच्या सुरुवातीला मिलिटरीच्या जुन्या मोज्यांचे स्वेटर केले, त्यात मोज्याची टाच जिथे फुगते तो भाग बरोबर कोपरावर आणि छातीवर आणला. म्हणजे आधीच तयार असलेला आकार त्याने वाया घालवला नाही, फक्त जागा बदलली. मला या सगळ्यातून एकच नियम कळला आणि मी तो सगळ्यांना ओरडून सांगते: एका कपड्यात एकच गोष्ट मोडायची आणि बाकी सगळं इतकं नीट ठेवायचं की मोडलेली गोष्ट मुद्दाम मोडलीये हे समोरच्याला लांबूनच कळलं पाहिजे. सगळंच वाकडं केलं की ते वाकडं दिसत नाही, गचाळ दिसतं.

तर ही गाइड एका ब्लेझरची आहे. ब्लेझरच का, तर टेलरिंगमधलं सगळ्यात लपवलेलं काम त्यात असतं, अस्तराच्या आत एक अख्खं वेगळं कपडं बसलेलं असतं. त्याच्यापेक्षा चांगला मास्तर तुम्हाला फुकटात मिळणार नाही.

कोट कुठून आणायचा

नाशकात हा प्रश्नच नाहीये राव. प्रत्येक घरात बाबांचा किंवा काकांचा लग्नातला सूट कपाटात वरच्या फळीवर डांबरगोळ्यांसकट पडलेला असतो, एकदा रिसेप्शनला घातला, परत कधी बटण लागलं नाही. आई तो बोहारणीला देऊन स्टीलचा डबा घ्यायच्या बेतात असते, त्याच्या आधी तुम्ही पोचा. (विचारून घ्या पण. लग्नाचा कोट न विचारता उसवलेला कळला तर जेवण बंद होतं.) नाहीतर बुधवारच्या बाजारात गोदाघाटाकडे चक्कर मारा, जुने कपडे दिसले तर ढिगात हात घालायला लाजू नका, किंवा ओळखीच्या लॉन्ड्रीवाल्याला विचारा की कोणी न्यायलाच आलं नाही असा कोट आहे का.

साइज तुमच्या अंगापेक्षा मोठा बघा, निदान दोन साइज. याचं कारण सौंदर्य वगैरे नाही, गणित आहे, ते पुढे येतं. छाती ३६ असेल तर ४२ चा कोट घ्या.

हातात घेतल्यावर दोन गोष्टी तपासायच्या. पहिली, फ्युजिंग आहे की कॅनव्हास. पुढच्या भागाचं कापड खालच्या बटणाजवळ चिमटीत धरा, बाहेरचं कापड आणि आतली फेसिंग (पुढच्या कडेला आतून लावलेली त्याच कापडाची पट्टी) दोन्ही बोटांनी एकमेकांपासून ओढा. मध्ये तिसरा थर मोकळा सरकताना जाणवला तर तो कॅनव्हास, म्हणजे जुन्या पद्धतीने हाताने बसवलेला, लॉटरी लागली समजा. थर जाणवलाच नाही, सगळं एकजीव पुठ्ठ्यासारखं आहे, तर फ्युजिंग, म्हणजे गोंदाने चिकटवलेलं. रेडीमेडमध्ये बहुतेक फ्युजिंगच मिळेल, चालतं, फक्त ते सोलायच्या भानगडीत पडू नका, गरम इस्त्रीने सुटतं पण गोंदाचे डाग कापडावर राहतात आणि त्याला धूळ चिकटते.

दुसरी, कापड काय आहे. आतल्या शिवणीतून दोनचार धागे काढा, चिमट्यात धरा, गॅलरीत जाऊन काडी लावा. केस जळल्याचा वास आणि बोटाने चुरडणारी राख म्हणजे लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. दोन्ही थोडंथोडं झालं तर टेरीवूल, आपल्याकडचे बरेच सूट हेच असतात. लोकर असेल तर वाफेने आकार देता येतो, आखडवता येतं, ताणता येतं. पॉलिस्टर ऐकत नाही, त्यात जे काही वळण पाहिजे ते शिवणीतूनच आणावं लागेल, हे डिझाइन ठरवायच्या आधी कळलेलं बरं.

खुणा, खुणा आणि खुणा

इथे सगळे घाई करतात म्हणून इथे मी जास्त बोलणार.

उसवायला सुरुवात करायच्या आधी कोट हॅंगरवर लावून चारी बाजूंनी फोटो काढा, आतून पण. मग पांढरा दोरा आणि सुई घ्या, खडू नको, खडू इस्त्रीला उडतो. प्रत्येक भागावर उभ्या धाग्याच्या दिशेने हाताने लांब कच्चा टाका घाला, वरून खाली निदान एक वीत. पुढचे दोन, बाजूचे दोन, मागचे दोन, प्रत्येक बाहीचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे, वरची कॉलर, खालची कॉलर, फेसिंग. सगळ्यांवर. एकदा कोट सुटा झाला की हे तुकडे टेबलावर कसेही फिरतात, आणि उभा धागा कुठला हे कळलं नाही तर तुम्ही आडवं कापड उभं शिवाल, आणि मग तो भाग घातल्यावर पिळतो आणि का पिळतो ते शोधत बसता.

दुसरी खूण म्हणजे जुळण्या. बाही मुंढ्याला जिथे भेटते तिथे चार ठिकाणी आडवे टाके घाला, खांद्याच्या शिवणीपाशी, पुढे, मागे आणि काखेत, बाहीवर पण आणि मुंढ्यावर पण, एकाच रंगात. तिसरी, मागच्या मानेचा मध्य. चौथी, लॅपल, म्हणजे कॉलरखालची छातीवर वळलेली पट्टी, जिथून वळते ती रेघ.

हे पांढरे टाके नंतर काढायचेच असं काही नाही. मार्जिएलाच्या कपड्यांवर मागे बाहेरून दिसणारे ते चार पांढरे टाके असतात ना, ते आतला कोरा लेबल चार कोपऱ्यांत धरायला घातलेले. ज्याला हौस तो काढून टाकेल असा हिशोब, आणि लोकांनी तेच टाके ओळखीची खूण म्हणून ठेवून दिले. तुमच्या कोटावरचे उभ्या धाग्याचे टाके काळ्या किंवा नेव्ही कापडावर फार छान दिसतात, मी तर म्हणते ठेवाच. पण मग पहिल्यापासूनच सरळ आणि सारख्या अंतराने घाला.

उसवायचं कसं

उसवणी, म्हणजे शिवणीचे टाके तोडायचं छोटं हत्यार, स्वस्तात मिळते, मेनरोडच्या आसपासच्या कुठल्याही दोरे-बटणांच्या दुकानात. ब्लेडने उसवणारे टेलर खूप फास्ट असतात, त्यांचा हात बसलेला असतो, तुमचा नसतो, ब्लेड नको.

शिवणीच्या एका बाजूने दर तिसराचौथा टाका तोडा, मग उलट बाजूचा दोरा ओढा, अख्खाच्या अख्खा निघून येतो. दोन्ही तुकडे धरून फर्रकन ओढू नका, कापडाची कड ताणली जाते, मुंढ्यापाशी तर हमखास, कारण तिथे कापड उरेब, म्हणजे धाग्याला तिरकं कापलेलं, असतं. काही ठिकाणी साखळी टाका असतो, तो एका बाजूने सुरुवात केली की आपोआप सरसर निघतो, दुसऱ्या बाजूने निघतच नाही, म्हणून अडला तर दुसऱ्या टोकाकडून बघा.

क्रम असा ठेवा: आधी खालच्या घेराचं अस्तर, मग बाहीच्या तोंडाचं, मग फेसिंगपासून, असं अख्खं अस्तर बाहेर. ते फेकायचं नाही. अस्तर म्हणजे त्या कोटाचा फुकटचा पॅटर्न आहे, वर्तमानपत्रावर ठेवा आणि पेनाने आउटलाइन मारा, फक्त लक्षात ठेवा की पाठीच्या मध्यावर त्यात साधारण इंचभर जास्तीची चुणी असते, हात पुढे करताना अस्तर फाटू नये म्हणून, ती वजा करा. उरलेल्या अस्तराच्या पुढे उरेब पट्ट्या करायच्यात.

अस्तर निघालं की थांबा आणि बघत बसा जरा. खिशाच्या थैल्या लटकलेल्या, शोल्डर पॅड, बाहीच्या डोक्यात घातलेली ती कापसाची पट्टी, लॅपलच्या रेघेवर मारलेली टेप, पाठीला आणि बाजूला ठेवलेली भरपूर माया, म्हणजे शिवणीच्या पलीकडचं जास्तीचं कापड, पुढे कधी पोट सुटलं तर कोट मोठा करता यावा म्हणून. हे सगळं बाहेरून दिसत नाही आणि कोट उभा राहतो तो यामुळेच. मार्जिएलाने १९९७ च्या उन्हाळ्याच्या कलेक्शनमध्ये शिंप्याच्या डमीचंच जॅकेट करून माणसांना घातलं, तोच विचार, कामाच्या मागचं काम पुढे आणायचं.

जे उसवायचं नाही ते पण सांगते. खिसे उसवू नका. वेल्ट खिसा कापडाला चीर देऊन केलेला असतो, तो उसवला की हातात एक भोक उरतं. आणि मागच्या मानेपासून खांद्याच्या शिवणीच्या आतल्या अर्ध्यापर्यंतचा भाग, ज्याच्यावर कॉलर बसलीये, त्याला अजिबात हात लावू नका. कोट पूर्ण तिथून लटकतो. बाही काढा, घेर तिरका करा, पुढचं बटण पाठीवर न्या, मान-खांदा जागेवर असेल तर कोट अंगावर बसतो आणि विचित्र दिसतो, जे हवंय. मान-खांदा हलला तर तो नुसता घसरतो, आणि तुम्ही दिवसभर ओढत बसता.

आता एकच मोडायचं: आतलं बाहेर

पहिल्या कोटाला मी हेच करायला लावते, कारण यात कापाकापी जवळजवळ शून्य आहे.

इथे बऱ्याच जणांना एक सुपर आयडिया सुचते: अर्धा कोट सुलटा, अर्धा उलटा. डावा भाग नेहमीसारखा आणि उजवा आतून बाहेर. करायला घ्या आणि बघा काय होतं. उजवा पुढचा भाग उलटा केला की तो आरशातल्यासारखा डावा होतो, लॅपल काखेकडे जाते. उजव्या बाजूला उलटा बसणारा तुकडा म्हणजे डावा, आणि तो तर तुम्ही सुलटा वापरलाय. म्हणजे एका कोटातून हे होतच नाही, एकाच कटचे आणि साइजचे दोन कोट लागतात. दोन भावांच्या लग्नात एकाच टेलरकडे शिवलेले सूट असतील तर करा, नाहीतर अख्खाच उलटा करा.

अख्खा उलटा केला की बटणाची बाजू आपोआप बदलते, पुरुषांचा कोट डावा वर येतो तो आता उजवा वर येणार, म्हणजे बायकांच्या कपड्यांसारखा. बटणं फक्त आता आतल्या बाजूला जातात, ती काढून त्याच भागावर बाहेरून लावा, काजांची बाजू बदलायची नाही, राहू दे. ज्याला कळेल त्याला मजा येईल.

आता शिवणींची माया बाहेर आली, कडा सुट्या, आणि त्या कापडाचे धागे निघणारच, कारण अस्तराखाली राहणार म्हणून टेलरने त्यांना काही केलेलं नसतं. इथे दोन रस्ते आहेत.

पहिला रस्ता, धागे निघू द्यायचे पण आपण सांगू तिथपर्यंतच. कडेपासून दोन सूत (पाव इंच) आत बारीक टाक्याने एक सरळ शिवण मारा, टाक्याची लांबी दोन मिलिमीटरच्या आसपास, त्याच रंगाचा दोरा. आता त्या शिवणीपर्यंतचे धागे सुईच्या टोकाने काढा, छोटी झालर तयार होते आणि शिवणीपाशी थांबते. ही शिवण नसेल तर दुसऱ्या धुण्यात झालर कोटाच्या मूळ शिवणीला जाऊन भिडते आणि तिसऱ्या धुण्यात खांदा सुटतो. सरळ आणि आडव्या धाग्यावरच्या कडा छान झालर देतात, उरेब कडा देत नाहीत, त्या नुसत्या केसाळ होतात आणि ताणल्या जातात, म्हणून मुंढा आणि गळा इथे हा रस्ता नकोच. पॉलिस्टरच्या कडेवरून मेणबत्ती फिरवायचा सल्ला कोणी देईल, ऐकू नका, कडक काळी कड होते आणि मानेला टोचते.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. काढलेल्या अस्तरातून इंच-सव्वा इंच रुंदीच्या उरेब पट्ट्या कापा, बरोबर ४५ अंशात, आणि प्रत्येक मायेची कड त्या पट्टीने गुंडाळा. सरळ बाजूने पट्टी शिवायची, कडेवरून मागे वळवायची, आणि पट्टीच्या खोबणीत, म्हणजे पट्टी आणि कापड जिथे भेटतं तिथे, वरून शिवण मारायची. याला हॉंगकॉंग फिनिश म्हणतात. कोटाचं अस्तर मरून किंवा सोनेरी सॅटिनचं असेल, आणि लग्नाच्या सूटचं असतंच, तर काळ्या कोटावर बाहेरून त्या रेघा धावतात, खांद्यावरून, पाठीवरून, बाहीवरून, जणू कोणी कोटाचा नकाशा काढलाय.

खिशाच्या थैल्या आता बाहेर लोंबतात. त्या धावदोऱ्याने कोटाला टाचून टाका, जाड दोऱ्याने, गोधडीला घालतो तसा टाका, दिसला पाहिजे. खिशाचं मूळ तोंड आता आतल्या बाजूला गेलंय, ते शिवून बंद करा आणि थैलीला वरच्या बाजूला आडवी चीर देऊन कड उरेब पट्टीने गुंडाळा, झाला नवा खिसा. मोबाइल जड असतो, चीरेच्या दोन्ही टोकांना पाचसहा टाके जागच्या जागी मारून ती पक्की करा.

शोल्डर पॅडचं काय करायचं हा चवीचा प्रश्न आहे. आता ते खांद्याच्या वर दिसतं. मी ते तसंच ठेवून वरून मांजरपाटाचा तुकडा हाताने बसवते, कोणी पूर्ण काढतात, मग खांदा पडतो आणि नाशिकच्या उकाड्यात कोट शर्टसारखा घालता येतो. तसंही आपल्याकडे थंडी म्हणजे डिसेंबर-जानेवारी, निफाडवाल्यांना थोडी जास्त. अस्तर काढलेला कोट इथे वर्षातले जास्त महिने अंगावर सहन होतो, ही या सगळ्या प्रकाराची न सांगितली जाणारी सोय आहे.

थोडं पुढे जायचं असेल तर

आतलं बाहेर जमलं आणि हात शिवशिवतायत तर दुसऱ्या कोटावर (पहिल्यावर नाही, एकच गोष्ट म्हटलं ना) बटणाची जागा सरकवा. पुढचे दोन भाग नेहमीपेक्षा तीन इंच जास्त एकमेकांवर आणा आणि बटण काखेच्या बाजूला लावा, कोट अंगाभोवती तिरका वळतो, खालचा घेर एका बाजूला खाली येतो. मोठा साइज का सांगितला ते इथे कळतं: ४२ चा कोट बंद केल्यावर घेरात साधारण ४६ भरतो, तीन इंच ओव्हरलॅपमध्ये गेले की ४३, तुमची छाती ३६, म्हणजे सात इंच मोकळे, आरामात. तोच ३८ चा कोट घेतला असता तर घेर साधारण ४२, तीन गेले, ३९, आणि बसल्यावर बटण तुटलं असतं. घेर एका बाजूला आलाय म्हणून तो कापून सरळ करू नका, तेच तर डिझाइन आहे.

किंवा बाही. डावी बाही पूर्ण काढायची नाही, मागच्या खुणेपासून काखेपर्यंतचीच शिवण उसवायची, वरची आणि पुढची तशीच. हात बाहीतून घाला किंवा त्या फटीतून बाहेर काढा आणि बाही मोकळी लटकू द्या, दोन्ही चालतं. फक्त फटीच्या दोन्ही टोकांना ताण येतो, तिथे मशीनवर पुढेमागे करून बारटॅक मारा, आणि मुंढ्याच्या उरेब कडेला अस्तराची सरळ धाग्याची अर्ध्या इंचाची पट्टी आतून लावा, नाहीतर दोनदा घातल्यावर मुंढा कानापर्यंत लांबेल.

बाही काढून दुसरीकडे बसवायची असेल तर आधी मोजा. बाहीच्या वरच्या कमानीचा घेर मुंढ्यापेक्षा एक-दीड इंच जास्त असतो, तो वाफेने आखडवून बसवलेला असतो म्हणून खांदा गोल दिसतो. नवीन जागेला तेवढा फरक नसेल तर बाही एकतर चुण्या पडून बसेल किंवा बसणारच नाही. चुण्या पडलेल्या चालतील तुम्हाला? चालत असतील तर एका ठिकाणी गोळा करून मुद्दाम पाडा, सगळीकडे थोड्याथोड्या पडू देऊ नका.

हे सगळं आधी मांजरपाटावर करून बघा. स्वस्त असतं, दोन मीटर घेतलं तरी पुरतं, अस्तरावरून काढलेला पॅटर्न त्यावर ठेवून कच्ची शिलाई करा आणि अंगावर घाला. डमी नसेल तर जुना घट्ट टीशर्ट घालून मैत्रिणीकडून अंगाभोवती ब्राउन टेप गुंडाळून घ्या, तीनचार थर, मग पाठीवर सरळ कापून बाहेर या, परत जोडा आणि आत चिंध्या भरा. उन्हाळ्यात करू नका, चक्कर येते.

मास्तरांना कसं सांगायचं

घरातली काळी मशीन कोटाचे चार थर घेते, १६ नंबरची सुई लावा आणि टाका मोठा ठेवा, पण आठ थर जिथे येतात, कॉलरपाशी वगैरे, तिथे ती रडते. कडेचे धागे गुंफणारं इंटरलॉक मशीन पण घरी नसतं. म्हणजे टेलरकडे जावं लागणार, आणि खरी परीक्षा तिथे आहे. देवळाली कॅम्पात आर्मीचे युनिफॉर्म शिवणारे टेलर आहेत, शहरात सूटवाले जुने मास्तर आहेत, यांचा हात सोन्याचा आहे पण त्यांचं आयुष्य कड लपवण्यात गेलंय.

"मास्तर, ही कड अशीच सोडायची."
"अशीच? धागे निघतील ताई."
"निघू द्या."
"मग उद्या तुम्हीच म्हणाल मास्तरांनी अर्धवट दिलं. दुमडून देतो, पैसे नका देऊ त्याचे."

हे प्रेम आहे आणि यात तुमच्या कोटाची वाट लागते. "डिकन्स्ट्रक्शन करायचंय" असं सांगून काही होत नाही, "फॅशनमध्ये आहे" म्हटलं तर ते तोंडावर हसत नाहीत एवढंच. त्याऐवजी एका तुकड्यावर सॅंपल करून न्या, ती दोन सूत आतली शिवण दाखवा आणि सांगा, धागे इथे थांबतात. शिवण दिसली की मास्तरांना कळतं की हे अर्धवट नाही, हिशोब आहे, आणि मग तेच तुम्हाला सांगतील की इथे दोन सूत नको, तीन घ्या, हे कापड जास्त सुटतं. ऐका त्यांचं. आणि जिथे काहीच करायचं नाही तिथे रंगीत टाचणी लावून द्या, जिथे शिवायचं तिथे कच्चा टाका.

पैठणीला हात लावण्याआधी

नाशकात कोट म्हटला की कोणीतरी येवल्याची पैठणी त्याला जोडायची आयडिया काढतंच. छान दिसतं, खोटं कशाला बोलू, काळ्या कोटाला अर्धी पाठ मोराच्या पदराची, कोण नाही म्हणेल. पण नवी किंवा चांगली पैठणी कापू नका, त्यासाठी माझा पूर्ण विरोध. जुनी, घडीवर विरलेली असेल तर ठीक. रेशीम घडीवर तुटतं, म्हणून आधी उन्हासमोर धरून बघा, जिथे उजेड जास्त येतो तो भाग टाळा. काठ आणि पदर हातमागावर वेगवेगळ्या धाग्यांनी एकमेकांत अडकवून विणलेला असतो, कात्री लावली की तिथून जर आणि रेशीम दोन्ही मोकळं व्हायला लागतं, म्हणून कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना आधी शिवण मारायची, मग मध्ये कापायचं. मागून पातळ मलमल लावा, कच्च्या टाक्यांनी जाळीसारखी टाचून. फ्युजिंग नको, जर काळी पडली की काढता येत नाही.

खरं सांगायचं तर साडी कापण्यापेक्षा नऊवारीकडे नीट बघा. कापडाला एक टाका न घालता त्याची दोन पायांची विजार होते आणि घोड्यावर बसता येतं. पॅटर्न म्हणजे कापलेलेच तुकडे असतात हे डोक्यातून काढायला त्याच्यासारखा धडा नाही.

याच्यातलाच एक सोपा खेळ जुन्या चादरीवर करता येतो. ब्रिटिश डिझाइनर जुलियन रॉबर्ट्सने सबट्रॅक्शन कटिंग नावाची पद्धत काढली, त्यात कपड्याचा आकार कापायच्या ऐवजी शरीर कुठल्या भोकातून जाणार ते भोक कापतात. दोन चादरी कडांनी जोडून मोठी पिशवी करा, वरच्या बाजूला साधा गळा आणि मुंढे कापा. मग एका चादरीवर खाली कुठेतरी गोल भोक आणि दुसरीवर वेगळ्या उंचीवर तेवढंच भोक, आणि त्या दोन भोकांच्या कडा एकमेकांना शिवा. मध्ये बोगदा होतो, बाकीचं कापड त्याच्याभोवती आपोआप पिळतं आणि पडतं. भोकातून अंग गेलं पाहिजे हे फक्त बघा, नितंबांचा घेर ९६ सेंटिमीटर असेल तर भोकाचा घेर निदान ११० ठेवा, म्हणजे त्रिज्या साडेसतरा. काय तयार होईल ते अंगावर घालेपर्यंत कळत नाही.

सांभाळायचं कसं

उलटा कोट ड्रायक्लीनला देताना चिठ्ठी पिनने लावा: कोट उलटा नाही, असाच आहे, दोरे तोडू नका. नाहीतर ते बिचारे उलटवून, झालर कापून, नीट इस्त्री करून देतात आणि वर हसून सांगतात की लटकलेले दोरे पण साफ केले. घरी वाफ द्यायची असेल तर वरून ओला मांजरपाट टाकून इस्त्री दाबायची, घासायची नाही, उरेब पट्ट्या चमकायला लागतात. लॅपलवर इस्त्री अजिबात नको. हॅंगर जाड खांद्याचा घ्या, आणि बाजूची फट असलेली बाही हॅंगरवर लटकू देऊ नका, आतल्या बाजूला दुमडून ठेवा, लटकून लटकून एक बाही दुसरीपेक्षा लांब होते.